चार्ज देण्याचा शनिवार

ताईचं पत्र येऊन चार महिने झाले होते आणि आबांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं. लिहिलं नव्हतं असं मात्र नाही. अकरा वेळा लिहिलं होतं. प्रत्येक मसुदा हवामानापासून सुरू व्हायचा, नातीच्या पडलेल्या आणि न पडलेल्या दातांवरून पुढे सरकायचा, आणि दीड पान भरून मुद्द्यापाशी पोचला, की आबांना नेमकी चहाची तल्लफ यायची. चहा पिऊन परत येईपर्यंत मसुदा त्यांना भिकार वाटू लागलेला असायचा. मग तो फाडायचा. चौतीस वर्षं ग्रंथपाल म्हणून लोकांची पुस्तकं सांभाळलेल्या माणसाला कागद फाडताना गुन्हा केल्यासारखं वाटायचं, पण तरी फाडायचे.

मूळ पत्र त्यांनी शब्दकोशात ठेवलं होतं. मुलाच्या घरात एखादी वस्तू दडवायची, तर पुस्तकाइतकी सुरक्षित जागा दुसरी नव्हती.

पत्र ताईने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. नजर अधू झाल्यामुळे अक्षरं भोपळ्याएवढी आणि ओळी जिन्यासारख्या उतरत गेलेल्या.

‘फोनवर उत्तर देऊ नकोस. फोनवर तू सगळ्यांना हो हो म्हणतोस. तिकडेच राहायचं असेल तर तसं लिही, तुझी खोली मी खालच्या शिंपीणबाईंच्या मुलीला देते, तिला अभ्यासाला जागा नाही. परत यायचं असेल तर तसं लिही. मधलं काही लिहू नकोस. शेजारचे पेपर वाचून दाखवतात, पण मृत्यूच्या बातम्या गाळतात. त्यांना वाटतं मी घाबरेन. त्याच तर मला ऐकायच्या असतात.’

दर रविवारी दोघांचं फोनवर बोलणं व्हायचं. ताई विचारायची, थंडी किती? आबा म्हणायचे, बरीच. तुझा गुडघा? आहे जागेवर. पत्राचं नाव दोघंही काढायचे नाहीत. महत्त्वाचं बोलण्याची त्यांच्या घरात मुळी पद्धतच नव्हती. ताईने आबांपेक्षा सात वर्षं आधी जन्म घेऊन ती पद्धत मोडायला हवी होती, पण तिनेही नाही मोडली. आबांची बायको गेली तेव्हा ताई एक ट्रंक घेऊन आली, आणि ‘पोराला चड्डी कोण घालतं?’ एवढंच विचारून कायमची राहिली. पोर मोठं झालं, शिकलं, लग्न करून परदेशी गेलं. ट्रंक होती तिथेच राहिली.

आता त्या पोराला पोर झालं होतं, आणि त्या पोरीला चड्डी घालण्याचं काम आबांकडे आलं होतं.

*

मुलाचं शहर सुखी होतं. इतकं सुखी, की बागेत घसरगुंडीखालची जमीनसुद्धा रबराची होती, पडलेलं पोर टुणकन उडून पुन्हा उभं राहायचं. गाड्या हॉर्न वाजवत नसत. कुत्रं भुंकलं तर मालक माफी मागत असे. अशा शहरात पाच वर्षांचं एक मूल वाढवायला किती माणसं लागावीत? आबांच्या अंदाजाने आठ. घरात उपलब्ध होती अडीच, आणि त्यातला अर्धा म्हणजे आबा स्वतः.

सूनबाई भूलतज्ज्ञ होती. दिवसाला सहा-सात धडधाकट माणसांना ती दहा आकडे मोजायच्या आत झोपवायची आणि घरी येऊन पोटच्या पोरीपुढे हात टेकायची. चिरंजीव लिफ्टा तपासायचे. शहरात कुठेही लिफ्ट अडकली की जेवणाच्या ताटावरून उठून पळायचे. नातीला आबा ‘सरकार’ म्हणत, कारण घरात तिचा शब्द चालायचा आणि तिच्या शब्दाला कारण नसायचं.

तर सरकारला वाढवण्याचं काम पाळीने चाललं होतं. सहा महिने आबा, सहा महिने विहीणबाई. विहीणबाई मोठ्या रुग्णालयाच्या मेट्रन म्हणून निवृत्त झाल्या होत्या, त्यामुळे पाळी बदलताना त्या रीतसर चार्ज घेत. हातात वही, कानामागे पेन्सिल. यंदा त्या गुरुवारी आल्या आणि शनिवारी सकाळी, नाश्ता झाल्या झाल्या, त्यांनी वही उघडली.

“वजन?”

“घेतलं नाही.”

“उंची?”

“दाराच्या चौकटीवर खूण केलीय.”

“कधी?”

“ती सरळ उभी राहिली तेव्हा.”

विहीणबाईंनी काहीतरी लिहिलं. आबांच्या एका वाक्याला त्या तीन ओळी लिहीत, याचंच त्यांना भय वाटे.

“झोप किती वाजता लागते?”

“मला नऊला. तिचं खात्रीने सांगता येत नाही.”

“डबा?”

“रोज संपतो.”

“कोण संपवतं?”

आबांनी खिडकीबाहेर पाहिलं. समोरच्या झाडावर पाहण्यासारखं काही नव्हतं, तरी त्यांनी पाहिलं.

“आबा संपवतात,” टेबलाखालून सरकार म्हणाली. “मी त्यांना गाजर देते. ते म्हणतात आईला सांगू नको.”

“मग सांगितलंस का गं आईला?”

“नाही. आईने विचारलंच नाही. आजी, तू बिस्किटं आणलीस?”

“आधी मोजे घाल.”

“मोजे मला आवडत नाहीत.”

तेवढ्यात सूनबाई बाहेर आली. बालवाडीच्या बाईंनी पालकांना शिकवलं होतं, की मुलाच्या पातळीवर बसावं, डोळ्यांत पाहावं आणि त्याच्या भावनेला नाव द्यावं. ती फरशीवर बसली, टेबलाखाली वाकली आणि शांतपणे म्हणाली, “तुला राग आलाय. मला दिसतंय. राग येणं अगदी चालतं.”

“मला राग नाही आला,” सरकार म्हणाली. “मला बिस्किट पाहिजे.”

“ऐकलंत?” विहीणबाई आबांना म्हणाल्या. “आमच्या वेळी भावनांना नावं नव्हती. पोरांनाच धड नव्हती. सोन्या, बाळ्या, छबी, यात भागायचं.”

“आई, प्लीज.”

“मी काय म्हटलं? मी नुसती पाळी समजून घेतेय.”

चार्ज देऊन झाला तेव्हा सरकारचं वजन सोडून आबांचं सगळं सांगून झालं होतं. एक गोष्ट मात्र त्यांना राहून राहून खटकत होती. विहीणबाई दर खेपेला एक बॅग आणत. या खेपेला चार होत्या, आणि चौथीतून कपड्यांत गुंडाळलेली एक फोटोची चौकट डोकावत होती.

*

दुपारी जेवणानंतर चिरंजीवांनी टेबल पुसलं, दोन फायली समोर ठेवल्या आणि घसा साफ केला. लिफ्टेत अडकलेल्या लोकांशी ते बाहेरून बोलत, त्याच आवाजात म्हणाले, “घाबरायचं कारण नाही.”

त्यावरून सगळे घाबरले.

गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती, फक्त टेबलावर आली नव्हती. सहा-सहा महिने पाहुणा म्हणून राहण्याची सोय या देशाने बंद करायचं ठरवलं होतं. यापुढे पाहुण्याने महिनाभर यावं आणि जावं. त्याऐवजी एका घराला एका ज्येष्ठ माणसाचा कायमचा परवाना मिळणार होता. एकाच माणसाचा. आणि तो घेतला, की त्या माणसाने वर्षातले दहा महिने इथेच राहायचं. अर्ज सोमवारी शेवटचा. डॉक्टरांच्या सहीचा दाखला मिळायला दीड महिना लागत असल्यामुळे चिरंजीवांनी दोन्ही ज्येष्ठांच्या फायली तयार करून ठेवल्या होत्या. आता कुठली न्यायची, एवढंच ठरवायचं होतं. चार महिने ते रोज ‘उद्या बोलू’ म्हणत होते. आबांना मुलाची ही एक गोष्ट स्वतःची वाटे.

“आबाच राहतील,” विहीणबाई लगेच म्हणाल्या. “पोरीला त्यांचा लळा आहे.”

“छे, छे,” आबा म्हणाले. “तुम्हीच. तुम्हाला दुखणीखुपणी कळतात.”

“दुखणीखुपणी काय, पुस्तकात बघून कळतात. तुमच्यासारख्या गोष्टी मला कुठे सांगता येतात?”

“तुमच्यासारखी शिस्त मला कुठे लावता येते?”

“शिस्त काय चाटायचीय?”

असं बराच वेळ चाललं. शेवटचा घास एकमेकांच्या ताटात ढकलावा, तसे दोघं तो देश एकमेकांकडे ढकलत होते. पण आबा मनातून पुरते जळत होते. ‘तुम्हीच राहा’ म्हणायचं, आणि विहीणबाई ‘बरं’ म्हणाल्या तर? आपण नको आहोत हे इतक्या लवकर सिद्ध व्हावं?

“मला विचाराल,” सूनबाई म्हणाली, “तर बाबांनी राहावं.”

आबांनी चष्मा पुसला.

“मला विचाराल,” चिरंजीव म्हणाले, “तर आईंनी.”

विहीणबाईंनी वही मिटली. दोन्ही तरुण माणसं आपापल्या जन्मदात्याला सोडून दुसऱ्याच्या जन्मदात्यामागे उभी होती. एवढा सासर-सन्मान आबांनी कादंबरीतही वाचला नव्हता.

“स्वतःचे वडील नकोत तुला?” सूनबाईने विचारलं.

“तुला स्वतःची आई नको?”

“आई असली की मी माझ्याच घरात शिकाऊ नर्स होते. डब्यांना लेबलं लागतात. परवा माझ्या शाम्पूवर लिहिलं होतं, ‘उघडल्याची तारीख’.”

“लिहिलं ते बरंच केलं,” विहीणबाई म्हणाल्या. “सव्वा वर्ष झालं होतं.”

“आणि बाबा?” सूनबाई नवऱ्याकडे वळली. “त्यांनी काय केलं तुझं?”

“काही नाही! तेच तर!” चिरंजीव बापाकडे न बघता म्हणाले. “ते काही बोलतच नाहीत. नुसते बघतात. मी पोरीला रागावलो की दारात उभं राहून बघतात. मी गाडी पार्क करतो, बघतात. मला सारखं वाटतं माझा निकाल लागलाय आणि ते मला सांगत नाहीयेत.”

आबा थक्क झाले. ते बघत होते हे खरं. पण ते कौतुकाने बघत होते. ते तोंडाने सांगायचं राहून गेलं होतं, बहुधा पस्तीस-एक वर्षं.

“मला वाटायचं,” ते अडखळत म्हणाले, “तुला कळतंय.”

“काय?”

“की तू गाडी फार छान लावतोस.”

यावर काय बोलावं कुणालाच सुचेना. आणि त्या शांततेत विहीणबाईंनी मान वर केली. सत्तावीस वर्षं मुलांचा वॉर्ड सांभाळल्यामुळे त्यांना गोंधळाची भीती नव्हती, शांततेची होती.

“कार्टी कुठे आहे?”

मग दुसऱ्या गोष्टीकडे लक्ष गेलं. टेबलावर दोन फायली होत्या. आता एकच होती.

*

इथे आबांच्या आयुष्यातल्या एकमेव चोरीबद्दल सांगायला हवं. निवृत्तीच्या दिवशी वाचनालयाने त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि आबांनी स्वतःच्या जबाबदारीवर एक शिक्का खिशात घातला. लाकडी मुठीचा, गोल. कडेने वाचनालयाचं नाव, खाली समई, आणि मधोमध जाड ठशात ‘रद्द’. फाटलेली, वाळवी लागलेली, कुणी न वाचलेली पुस्तकं यादीतून काढायची तेव्हा तो मारायचा. आबांना तो मारताना नेहमी वाईट वाटे, आणि का कोण जाणे, घरी न्यावासा वाटला तो नेमका तोच. इथे त्यांनी सरकारला तो खेळायला दिला होता. दुपारी दोघं ‘वाचनालय वाचनालय’ खेळत. पेटीत येणाऱ्या जाहिरातींच्या कागदांवर सरकार दणादण शिक्के मारी. कागद दिसला की शिक्का मारायचा असतो, असा तिचा पक्का समज झालेला होता, आणि तो समज आबांनीच करून दिला होता.

ती पडद्यामागे बसली होती. मांडीवर आबांची फाईल. जांभळी बोटं, जांभळं नाक. अकरा पानांपैकी अकरा झाली होती. फोटोवरच्या आबांच्या कपाळावर समई उमटली होती.

“सगळी पुस्तकं झाली,” तिने अभिमानाने सांगितलं. “दुसरं आणू?”

चिरंजीवांच्या तोंडून जो शब्द निघाला तो बालवाडीत शिकवत नसत. सूनबाई पोरीच्या पातळीवर बसली, डोळ्यांत पाहिलं, आणि कुठल्या भावनेला नाव द्यावं हे न कळून तशीच बसून राहिली.

“दाखला गेला,” चिरंजीव पानं उलटत म्हणाले. “पासपोर्टची प्रत गेली. दीड महिना! परवा सोमवार!”

“मग विहीणबाईंची फाईल आहे ना,” आबा म्हणाले. “तुला तीच द्यायची होती.”

“हो, पण अशी नाही!” चिरंजीव ओरडले. “असं कसं? शिक्का मारला म्हणून माझा बाप कटाप?” आणि मग तिघांकडेही बघून, स्वतःच दचकल्यासारखे म्हणाले, “मला नाही चालणार.”

बापाची फाईल खराब झाली तशी चिरंजीवांना बाप हवा झाला होता.

सूनबाईने एक पान उजेडात धरलं. “ऐका. हे वाईट दिसत नाहीये.”

“वाईट दिसत नाहीये?”

“गोल आहे. समई आहे. खरं सांगू, त्यांच्या शिक्क्यापेक्षा हाच सरकारी वाटतो. तिथल्या माणसाला मराठी येतं का? त्याला वाटेल आपल्याकडच्या कुठल्यातरी खात्याने मंजुरी दिलीय. अकरा वेळा. असाच देऊन टाकू.”

चिरंजीवांच्या चेहऱ्यावर प्रकाश पडला. “काय आहे हे, विचारलं तर?”

“सांगायचं, आमच्याकडे ज्येष्ठांना तपासून देतात.”

“पण त्यावर ‘रद्द’ लिहिलंय,” आबा म्हणाले.

“बाबा, तुम्हाला वाचता येतं म्हणून!”

विहीणबाईंनी फाईल काढून घेतली, “स्पिरिट लावून बघते,” म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. आबा मागोमाग गेले, कारण त्यांना दुसरं काही सुचलं नाही.

*

विहीणबाईंनी दाखला ओट्यावर पसरला होता आणि कापसाच्या बोळ्याने त्या घासत होत्या. शिक्का जागच्या जागी होता. डॉक्टरांची सही मात्र निघून चालली होती.

“राहू द्या, विहीणबाई.”

“का राहू द्या? उद्या म्हणाल हिनेच पोरीला फाईल दिली.”

“कोण म्हणेल?”

“मी म्हणेन की. आतल्या आत.” त्यांचा हात थांबला नाही. “ती पानं बघितली ना, तेव्हा पहिल्यांदा माझ्या मनात काय आलं, माहितीय? बरं झालं. असं आलं. बरं झालं. म्हणून पुसतेय.”

आबांनी तोंडी आलेलं ‘छे, छे’ गिळलं. मग त्यांनी आयुष्यात क्वचितच केलेली गोष्ट केली. सरळ विचारलं.

“तुमच्या चार बॅगा आहेत.”

“मोजल्यात?”

“सवय आहे.”

बोळा ओट्यावर ठेवून विहीणबाईंनी नळ सोडला, हात धुतले, पुन्हा धुतले. शस्त्रक्रियेआधी धुवावेत तसे कोपरापर्यंत.

“घर सोडलं मी. भाड्याचंच होतं. मालकाला पाडून मोठं बांधायचंय. किल्ली देऊन आले.”

“मुलीला सांगितलं नाहीत?”

“नाही, आणि तुम्हीही सांगायचं नाही. सांगितलं तर ती ठेवून घेईल मला. ठेवून घेतलेली आई व्हायचं नाहीये मला, आबा. वॉर्डात बघितल्यात मी तशा. कोपऱ्यातली खाट, आणि येणाराजाणारा विचारतो, यांना कधी नेणार?”

“आणि सोमवारी माझी फाईल दिली असती तर?”

“चुलत बहीण आहे. महिनाभर तिच्याकडे. पुढचं पुढे.”

बाहेर सरकार कुणालातरी ‘तोंड उघडा’ असं दरडावत होती. आबा ओट्याला टेकून उभे राहिले. आपल्याला इथेच राहायचं आहे, हे त्यांना तेव्हा, त्या स्पिरिटच्या वासात, पहिल्यांदा लख्ख कळलं. पोरीचा जांभळा हात रोज दुपारी हातात हवा होता. न खाल्लेलं गाजर हवं होतं. आणि ताईकडेही जायचं होतं, तेही तितकंच खरं होतं. चार महिने त्यांनी अकरा कागदांवर या दोन खऱ्या गोष्टींच्या मधली वाट शोधली होती. अशी वाट नव्हती. असती तर ताईला आधी सापडली असती.

इथे सरकारला दोघांपैकी कुणीही मिळालं असतं. तिथे ताईला एकच माणूस मिळण्यासारखा होता, आणि तो ओट्याला टेकून उभा होता.

“द्या इकडे तो कागद,” आबा म्हणाले.

*

“विहीणबाई राहतील,” त्यांनी टेबलापाशी येऊन सांगितलं. आवाज इतका हळू निघाला की चिरंजीवांनी ‘काय?’ विचारलं. आबांनी पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना उलट अवघड गेलं.

“शिक्क्यामुळे?”

“नाही. शिक्का नसता तरी. मला घरी जायचंय. ताईने चार महिन्यांपूर्वी पत्र लिहून विचारलंय, येणार का म्हणून. मी उत्तर दिलं नाही.”

चिरंजीव खुर्चीत बसले. “आत्याने? मी दर रविवारी बोलतो तिच्याशी. ती फक्त विचारते, थंडी किती.”

“तू काय सांगतोस?”

“बरीच.”

बापलेक एकमेकांकडे बघत राहिले. आबांना एकदम हसू फुटलं, आणि ते आवरायला गेले तर डोळ्यांतून बाहेर पडलं.

“मला का नाही सांगितलंत, बाबा?”

“तू ‘राहा’ म्हणाला असतास तर मी हो म्हणालो असतो. ‘जा’ म्हणाला असतास तरी हो म्हणालो असतो. मला काय हवंय ते मला एकदा, कुणी काही म्हणायच्या आत, बघायचं होतं.”

“त्याला चार महिने लागले?”

“अजून लागले असते.”

चिरंजीव उठले. वडिलांना मिठी मारायचा प्रघात घरात नव्हता, म्हणून त्यांनी आबांच्या शर्टाची कॉलर नीट केली. ती नीटच होती.

सूनबाईच्या चेहऱ्यावर मात्र भूल न देता दात उपटल्याची कळा आली होती. तिने आईकडे पाहिलं. विहीणबाई दारात उभ्या होत्या, वही छातीशी धरून, आणि सूनबाईने आपल्या आईला तशी कधी पाहिली नव्हती. कुणीतरी आत बोलावण्याची वाट बघत उभी.

“आई,” ती म्हणाली, “लेबलं नाहीत.”

“नाहीत.”

“माझ्या कपाटात हात घालायचा नाही.”

“तो मधला खण एकदाच...”

“आई!”

“नाही घालणार.”

“आणि मला सारखं विचारायचं नाही, जेवलीस का.”

“ते विचारणार,” विहीणबाई म्हणाल्या. “तेवढं मला जमायचं नाही.”

सूनबाई हसली की रडली ते आबांना कळलं नाही. तिने दुसरी फाईल उचलली आणि ती पोरीच्या हाताला लागणार नाही अशी फ्रीजच्या वर ठेवली.

*

बारावा मसुदा पाच मिनिटांत झाला. हवामान नाही, दात नाहीत. अक्षर भोपळ्याएवढं काढलं.

‘ताई, मी येतो आहे. पुढच्या महिन्याच्या पाच तारखेला. शिंपीणबाईंच्या मुलीला अभ्यासाला पुढची खोली दे, मी आवाज करत नाही. पेपर राहिलेले ठेवून दे, मृत्यूच्या बातम्यांपासून सुरू करू.’

पाकिटावर तिकीट लावलं, पण पाकीट चिकटवलं नाही. स्वतःवर तेवढा भरवसा नव्हता. मग सरकारला मोजे न घालता बूट घातले आणि दोघं निघाले. कोपऱ्यावर, औषधांच्या दुकानासमोर, टपालाची पेटी होती. दुपार उतरायला लागली होती. रस्त्यावर एक माणूस कुत्र्याच्या वतीने कुणाची तरी माफी मागत होता.

“यात काय लिहिलंय?” सरकारने विचारलं.

आबा थांबले. गुडघा दुखत असूनही ते खाली वाकले, तिच्या पातळीवर.

“लिहिलंय की मी ताईआजीकडे राहायला जाणार. आजी इथे राहणार. मी तुला भेटायला येईन, पण फार दिवस नाही. आणि रोज नाही.”

सरकारने विचार केला. विचार करताना ती जांभळं नाक खाजवायची.

“कोणी ठरवलं?”

“मी.”

“आईला विचारलं?”

“हो.”

“बाबाला? आजीला?”

“हो.”

“मला कोणीच नाही विचारलं.”

आबांनी आठवून पाहिलं. दोन फायली, चार माणसं, एवढा वादविवाद, आणि ज्या पोरीपायी हे सगळं चाललं होतं ती टेबलाखाली किंवा पडद्यामागे होती. तिला खरंच कुणी विचारलं नव्हतं.

“चुकलं,” ते म्हणाले. “आता विचारतो. मी जाऊ?”

“नाही.”

“मला जायला हवं, सरकार.”

“मग विचारलं कशाला?”

सरकार ओठ घट्ट मिटून पेटीकडे बघत होती. रडत नव्हती. तिच्या बापासारखी कपाळाला तीन आठ्या घालून उभी होती.

“त्यात लिही,” अखेर ती म्हणाली. “आबा येणार नाही.”

“ते खोटं होईल.”

“मग लिही, मी नाही म्हटलं.”

“ते लिहिता येईल.”

त्यांनी पाकिटातून कागद काढला, पेटीच्या डोक्यावर ठेवला आणि खिशातल्या पेनने तळाशी लिहिलं. सरकारने टाचा उंचावल्या.

“काय लिहिलं? वाच.”

“ता. क. सरकारचा या निर्णयाला ठाम विरोध आहे. मी तरीही येतो आहे.”

“ठाम म्हणजे?”

“म्हणजे खूप.”

“दोनदा लिही.”

आबांनी दोनदा लिहिलं. पाकीट चिकटवलं. तिला काखेत धरून उचललं. वजन घ्यायचं राहिलं होतं खरं, पण सहा महिन्यांत ती चांगलीच जड झाली होती, त्यांच्या पाठीला कळत होतं. सरकारने पाकीट अर्धं आत घातलं आणि टोक घट्ट धरून ठेवलं. आबांनी घाई केली नाही. पाठ मोडत होती, तरी तिला तसंच धरून ठेवलं.

मग तिने बोटं सोडली. पेटी बहुतेक रिकामीच होती. पत्र तळाला टेकल्याचं दोघांनाही स्पष्ट ऐकू आलं.